मरळ आली तेव्हा पोरगी कुठं गेली होती

जाफराबादहून भोकरदन आणि भोकरदनहून केदारखेडा अशी मी बरीच वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. त्या जीपमध्ये तुम्ही कधी बसला नसाल तर तुमचं आयुष्य कोरडं गेलं, आणि बसला असाल तर बहुतेक टपावर बसला असाल. आत एवढी दाटी असायची की पाठीला खाज सुटली तर खाजवायला शेजारच्याचा हात उसना घ्यावा लागायचा, आणि त्यालाही तो हात आपलाच आहे का, हे आधी तपासून बघावं लागायचं. आता ती जीप आमच्या गोठ्यात उभी आहे. कोंबड्या स्टेअरिंगवर बसतात. त्यातली एक कोंबडी गिअर बदलते असं मी सांगतो, पण त्यावर आमच्या घरात एक माणूस सोडून कोणी आक्षेप घेत नाही.

तो एक माणूस म्हणजे माझी पुतणी. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. बोलायला लागल्यापासून तिनं एकच काम हाती घेतलं, ते म्हणजे माझ्या गोष्टींची तपासणी. माझी पुराची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. केदारखेड्याच्या पुलावर पाणी चढलं, जीप तरंगायला लागली, पॅसेंजरांनी छत्र्यांनी वल्हवलं, मी हॉर्न वाजवत पलीकडच्या काठाला लावली आणि खाली उतरून बॉनेट उघडलं, तर रेडिएटरमधून ही एवढी मरळ उडी मारून बाहेर आली. ‘ही एवढी’ म्हणताना मी हात पसरतो. तिथं पुतणी हटकून बोलणारच.

“काका, दिवाळीला ती इतकी होती,” म्हणून ती स्वतःच्या कोपरापासून मनगटापर्यंत माप दाखवायची.

“मासा आहे बाई तो. दिवाळीपासून खातोय, पितोय, वाढणारच.”

“मेलेला मासा वाढतो का?”

“ती मेली असं मी कधी म्हटलं?”

असं आमचं चालायचं. मरळीशिवाय माझी गोष्ट अर्धी आणि तिच्या टोकण्याशिवाय मरळ अर्धी. बाकी लोक नुसते हसतात. हसणारे लोक कुठंही मिळतात.

माघात आमच्या शेतात हुरडा असतो. बांधावर एक जुना हिवर आहे, त्याच्या सावलीत आगटी खणायची, म्हणजे हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखारा झाला की ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची आणि भाजली की गरम गरम चोळायची. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मी बोलायचं, बाकीच्यांनी खायचं आणि निखारा मंद झाला की पुतणीनं फुंकणी घेऊन फुंकायचं, अशी कामाची वाटणी. फुंकणीला ती दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. गाल असे फुगवायची की वरच्या हिवराची पानं हलायची. (हे खोटं आहे, पण फार नाही.)

त्या वर्षी ती सातवीत होती. हुरड्याला मी पुराची गोष्ट काढली. छत्र्या झाल्या, हॉर्न झाला, बॉनेट उघडलं. पाहुणे बसलेले होते म्हणून मी मरळ जरा मोठी केली, वासराएवढी. हात पसरले आणि पुतणीच्या बोलण्याची वाट बघितली.

काही नाही.

फुंकणी तिच्या ओठांशी होती, पण फुंकणं थांबलं होतं. डोळे उघडे, माझ्याच दिशेला, तरी माझ्यावर नाहीत. पापण्या बारीक फडफडत होत्या. मला वाटलं, पोरगी मला चिडवतेय, मुद्दाम गप्प बसलीय. मी मरळीला मिशा लावल्या. तरी काही नाही. मग एकदम ती हलली, फुंकणीत फुंकर मारली आणि म्हणाली, “मंग? बॉनेट उघडलं का न्हाई?”

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून मला फार लागलं. माझ्या गोष्टीत आजवर लोक झोपलेत, उठून गेलेत, एकानं तर मध्येच लग्न जमवलंय. पण मरळ आली आणि कोणाला कळलंच नाही, असं कधी झालं नव्हतं.

घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, “भावजी, तुमच्या गोष्टीत कोणाचं ध्यान राहतंय का! शाळेत गुरुजी बी तेच सांगून राह्यलेत. खिडकीबाहेर बघती, प्रश्न विचारला की दचकती. वयच हाय ते.”

पण पुढच्या हुरड्याला परत तेच. आणि त्यानंतरच्याही. आता मी बारीक लक्ष ठेवून होतो. घरी गप्पा मारताना असं क्वचितच व्हायचं, पण आगटीशी ती फुंकत असली की हमखास. थोडा वेळ फुंकायची, मग आपण दिवा घालवून परत लावावा तशी जायची आणि यायची. आपण गेलो होतो हे तिला माहीतच नसायचं. विचारलं तर माझ्यावरच उखडायची.

हे मी भावाला सांगितलं आणि भावानं त्याच्या डोक्यानं हिशेब लावला. आगटी कुठं आहे? हिवराखाली. हिवर कसं झाड? लोक भुताच्या भीतीनं त्याच्याखाली दुपारी बसत नाहीत असं. झालं. वहिनीनं नारळ वाहिला, भावानं आगटी बुजवली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपलीकडे नवीन खणली. पोरीला निखाऱ्यापासून लांब बसवलं आणि फुंकणी वहिनीनं स्वतः घेतली. आणि तुम्हाला सांगतो, पोरगी ठणठणीत! मरळीचं माप तिनं बोटभरसुद्धा वाढू दिलं नाही. भाऊ कुऱ्हाडीला धार लावायला बसला.

“जागाच खराब होती,” तो म्हणाला. “झाडच काढून टाकतो.”

कुऱ्हाडीचा दांडा सैल होता म्हणून झाड वाचलं. दांडा बसवून होईपर्यंत पुण्याचे पाहुणे आले आणि त्यांच्यासाठी पुन्हा हुरडा निघाला. त्या दिवशी वहिनी पिठलं-भाकरीत अडकली होती. नवीन जागा, चांगली जागा, म्हणून फुंकणी परत पोरीकडे आली. आणि विहिरीपलीकडे, हिवर दिसतसुद्धा नाही अशा ठिकाणी, पोरगी परत गेली. या वेळी तिच्या हातातली फुंकणी निखाऱ्यात पडली आणि तिनं ती उचलायला हात घातला. मी गोष्ट सोडून उडी मारली आणि तिचं मनगट धरलं. गोष्ट मधेच सोडल्याची माझ्या आयुष्यातली ही एकमेव नोंद आहे.

त्या संध्याकाळी भावानं ओसरीवरची कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, “म्हणजे जागा न्हाई. पोरीतच काहीतरी हाय.”

पोरगी दारात उभी होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी पलीकडच्या गावात जायचं. आठवीत गेलं की मुलींना शाळेतून सायकल मिळते. त्या सायकलीचा रंग कोणता असेल, घंटी कुठं बसवायची, कॅरिअरला कोणती दोरी बांधायची, हे पुतणीनं पाचवीतच ठरवून ठेवलं होतं. रस्ता नाल्याच्या काठानं जातो आणि त्यावर ऊस-कापसाचे ट्रॅक्टर चालतात.

“ती सायकल-बियकल राहू दे,” भाऊ म्हणाला. “अशी मधेच गेली रस्त्यात तर? सातवी झाली, बास झालं. घरी राहील.”

एवढी बोलकी पोरगी, पण आत गेली आणि आतून फक्त भांडं ठेवल्याचा आवाज आला. मरळीपेक्षा मला ही शांतता जास्त लागली. मी म्हणालो, “दादा, झाडाला विचारून झालं, जागेला विचारून झालं. आता एकदा डॉक्टरला विचारू. मंग तू म्हणशील तसं.”

वहिनी तिथंच अडली. “लोक मिरगी म्हणतील, भावजी. मिरगीत माणूस पडतं, हात-पाय झाडतं, तोंडाला फेस येतो. माझी पोरगी तर उभ्याची उभी असते. कशाला उगाच नाव लावून घ्यायचं?”

“नाव नसलं म्हणून ती जायची थांबती का?” मी विचारलं. एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं याचं सगळ्यांनाच नवल वाटलं आणि बहुधा त्यामुळंच ठरलं.

जालन्यात लहान मुलांच्या मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम येतात, असं जाफराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं. जायच्या दिवशी वहिनीनं पोरीला अशी तयार केली की जणू स्थळ बघायला येणार आहे. नवीन फ्रॉक, पावडर आणि केसांना तेल. तेल म्हणजे किती? दोन वेण्यांतून ते खांद्यावर पाझरत होतं. एसटीत ज्या खिडकीला तिनं डोकं टेकवलं, त्या खिडकीला त्यानंतर कधी गंज लागला नसणार. “मोठ्या डॉक्टरकडं जायचं, डोकं कोरडं न्यायचं का?” वहिनी म्हणाली.

डॉक्टर मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी आधी पोरीशीच गप्पा मारल्या, मग आम्हाला विचारलं, “काय होतं ते कोणी डोळ्यांनी बघितलंय?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढं ओढली, बाह्या सारल्या आणि सुरुवात केली, “तर मॅडम, असं बघा, डोंगर फुटावा तशी शांतता...”

“काका,” पुतणी म्हणाली, “मॅडमला खरं सांगा.”

“मीठ-मसाला नको,” मॅडम म्हणाल्या. “किती वेळ? डोळे कसे? हात कसे? आधी काय करत होती? संपल्यावर गोंधळलेली असते का?”

तुम्हाला वाटतं खरं सांगणं सोपं आहे. करून बघा. मला घाम फुटला. प्रत्येक वाक्य तोंडातून निघताना दाराशी अडवून त्याच्या खिशातलं जास्तीचं काढून घ्यावं लागत होतं. हात पसरले जायला लागले की मी ते मांडीखाली दाबत होतो. थोडक्यात म्हणजे अगदी थोडक्यात सांगितलं. डोळे उघडे, पापण्या फडफडतात, फुंकणी तोंडाशी, हलवलं तरी कळत नाही, आणि संपलं की लगेच काही झालंच नाही अशी वागते.

“कोणी व्हिडिओ काढलाय का?” मॅडमनी विचारलं.

आता व्हिडिओ होता. पुण्याच्या पाहुण्यानं मोबाइल गोवऱ्यांच्या ढिगाला टेकवून काढलेला. पण तो माझा होता. म्हणजे माझ्या गोष्टीचा. त्यात मी आणि माझे हात असे भरलेत की शेत दिसत नाही. तो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि स्वतःही पुष्कळदा बघितला होता, खरंतर रोज. मी जरा अभिमानानंच मोबाइल पुढं केला.

मॅडम बघत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, मरळीला हसतात का म्हणून. त्या हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ थांबवला, मागं घेतला, परत लावला आणि बोटांनी मोठा केला. माझं डोकं पडद्याबाहेर गेलं. माझ्या काखेखालच्या मोकळ्या जागेत आगटी दिसत होती आणि आगटीशी पुतणी. फुंकतेय, फुंकतेय. थांबली. पापण्या फडफडल्या. फुंकणी पडली. हात निखाऱ्याकडे गेला. मग माझी धोतरातली उडी आणि पडदा काळा.

एवढ्या वेळा बघून मी तिला एकदाही बघितलं नव्हतं. मी माझ्याकडेच बघत होतो.

“फुंकत असताना जास्त होतं, नाही?” मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा कागद घेऊन पोरीच्या तोंडासमोर धरला. “हा कागद उडता ठेवायचा. मोठे मोठे श्वास घे आणि फुंक. थांबू नकोस. आणि मी जो शब्द सांगेन तो लक्षात ठेव.”

पोरगी फुंकायला लागली. फुंकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, असल्या ऐटीत. कागद फडफडत होता. थोड्या वेळानं मॅडम हळूच म्हणाल्या, “पेरू.” आणि कागद खाली पडला. पोरीचे डोळे उघडे होते, पापण्या फडफडत होत्या. भाऊ खुर्चीतून उठला. मॅडमनी हातानंच त्याला बसवलं. मग पोरगी परत आली आणि तिथूनच फुंकायला लागली.

“कोणता शब्द सांगितला मी?”

“तुम्ही न्हाई सांगितला अजून,” पुतणी म्हणाली.

भावानं माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्याच्या डोक्यातून हिवराचं झाड त्या क्षणी मुळासकट गेलं. झाड नव्हतं, जागा नव्हती. फुंकर होती. जोरजोरात श्वास घेतले की हा आजार उघडा पडतो आणि आम्ही कामाच्या वाटणीत ते काम नेमकं तिलाच दिलं होतं. वहिनीनं फुंकणी घेतली तेव्हा पोरगी बरी झाली. आम्ही पुण्य नारळाला दिलं.

मॅडमनी ईईजी करायला सांगितली. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या रेषा बघायच्या. तिथल्या पोरानं वेणीला हात लावला आणि हात पुसत म्हणाला, “आई, हे काय आणलंय? याच्यावर तार चिकटायची कशी? केस धुऊन आणा, कोरडे करून.”

मग दवाखान्याच्या मागच्या नळाशी आम्ही चौघं. टपरीवरून शांपूच्या पुड्या आणल्या. वहिनी चोळत होती, मी मगानं पाणी ओतत होतो, भाऊ आडोसा धरून उभा होता. पहिल्या पुडीला फेससुद्धा आला नाही. “माझी पोरगी आजारी, अन् तुम्ही हसून राह्यलात!” वहिनी ओरडली, आणि तिलाच हसू फुटलं. त्या नळाखालच्या नालीतून वाहिलेल्या तेलात अख्ख्या जालन्याची भजी तळून झाली असती.

तारा लावलेली पुतणी बघून मी म्हणालो, “माझ्या जीपचं वायरिंग याच्यापेक्षा बरं होतं.” ती हसली, तर तो पोरगा ओरडला, “हलू नको!” तिथंही फुंकायला लावलं आणि सरळ चाललेल्या रेषा एकाएकी उंच-सखल उड्या मारायला लागल्या, मग परत सरळ.

मॅडमनी समजावलं. याला फिटच म्हणतात, पण सगळ्या फिट पाडणाऱ्या नसतात. काही अशा, की मूल क्षणभर निघून जातं. दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि लोकांना वाटतं लक्ष नाही, आळशी आहे. मला लगेच कळलं. गाडी चालू असते पण एखादा सिलिंडर मिसिंग मारतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ड्रायव्हर झोपला. मॅडम म्हणाल्या, “हो, तसंच समजा.” हे मी सगळ्यांना अजून सांगतो.

गोळी रोज, ठरल्या वेळेला. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, उपासाच्या दिवशीसुद्धा नाही. फिट थांबल्यावर निदान दोन वर्षं तरी, आणि नंतरही हळूहळू, त्यांनी सांगितल्यावर. तोवर विहिरीत पोहणं नाही, निखाऱ्याशी बसणं नाही. कधी मोठी फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा.

वहिनीनं पदर तोंडाशी नेला. “मॅडम, पुढं लग्नाचं...”

“आई, तेरा वर्षांची आहे ती. आधी शाळेचं विचारा.”

“सायकल?” पुतणीनंच विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. “आत्ता नाही. गोळी लागू पडली, फिट थांबल्या आणि मी परत फुंकायला लावलं तेव्हा कागद खाली पडला नाही, की हो. शाळा मात्र उद्यापासूनच. आणि गुरुजींना सांगायचं.”

परतीच्या एसटीत भाऊ म्हणाला, “गुरुजीला सांगितलं की गावभर होतंय.” मग माझ्याकडे बघून, “तसंही हा भोंगा घरातच हाय म्हणा.”

“मीच सांगते,” पुतणी खिडकीतून बघत म्हणाली. “काकानं सांगितलं तर मला दोन डोकी फुटल्याचं होईल.”

आणि तिनं सांगितलं. वर्गात उभं राहून. मी मधेच जाते, थोड्या वेळानं येते, तेवढ्यात काय झालं ते मला शेजारणीनं सांगायचं. शेजारणीनं ते काम इतक्या निष्ठेनं केलं की पोरगी न गेलेली असतानाही ती सांगायची.

पहिले काही आठवडे गोळीनं झोप यायची, पोरगी चिडचिडायची. मॅडमनी गोळी हळूहळू वाढवली. वहिनीनं देवघरातल्या दिव्याशेजारी डबी ठेवली. दिवा लावला की गोळी. आठवी सुरू झाली तेव्हा मीच गोठ्यातून जीप बाहेर काढली, कोंबड्यांना उतरवलं आणि तिला रोज पोचवायला लागलो. शाळेची सायकल आली ती ओसरीवर उभी राहिली. पुतणी रोज तिला पुसायची. भाऊ लांबून बघायचा.

दिवाळीनंतर परत जालना. या वेळी केस कोरडे. मॅडमनी कागद धरला. पोरगी फुंकायला लागली आणि आम्ही तिघं श्वास धरून बसलो. एवढा वेळ की मला वाटलं आता ईईजी आमचीच काढावी लागणार. मधेच मॅडम हळूच म्हणाल्या, “सीताफळ.” कागद फडफडतच राहिला.

“बस,” मॅडम म्हणाल्या. “कोणता शब्द?”

“सीताफळ. मागच्या वेळी पेरू होता म्हणे, काकानं सांगितलं. पण काकाचं काय खरं धरायचं!”

परत आल्यावर भावानं स्वतः सायकलच्या चाकात हवा भरली. नाल्याच्या वळणापर्यंत तो तिच्यामागं पळत गेला, आणि तिनं घंटी वाजवल्यावर थांबला.

या माघात हिवराखाली जुनी आगटी परत उघडली. मॅडमचा हुकूम अजून आहे, म्हणून निखाऱ्याशी वहिनी बसली होती आणि पुतणी जरा लांब, सायकलच्या कॅरिअरवर. मी गोष्ट काढली. छत्र्या झाल्या, हॉर्न झाला, बॉनेट उघडलं आणि मी मरळ बाहेर काढली. मुद्दाम रेड्याएवढी. हात पसरले आणि थांबलो. भाऊही कणीस चोळायचा थांबला. वहिनीची फुंकणी थांबली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो.

“काका,” ती म्हणाली, “रेडिएटरचं तोंड केवढं असतं?”

मी हात खाली घेतले. तेव्हा कुठं वहिनीनं परत फुंकर मारली.